रिसीव्हर बहिरा, की आजूबाजूला गोंगाट?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात सहा पत्रे एकाच तक्रारीची आहेत. सिग्नल हवेत आहे, पण रिसीव्हरला ऐकू येत नाही किंवा नको तेच ऐकू येते. बहुतेकांनी शेवटी विचारले आहे, “बूस्टर घेऊ का?” बूस्टर बाजूला ठेवा. यातल्या काही उत्तरांत सिग्नल ठरावीक प्रमाणात दाबणारा दहा डेसिबलचा (डीबीचा) एक छोटा अॅटेन्युएटर लागणार आहे, म्हणून त्याची कृती आधी देतो.

पाव वॅटचे तीन कार्बन फिल्म रेझिस्टर घ्या, दोन १०० ओहमचे आणि एक ६८ ओहमचा. दोन बीएनसी सॉकेटच्या मधल्या पिना ६८ ओहमने जोडा. प्रत्येक मधल्या पिनेपासून डबीच्या पत्र्याला एकेक १०० ओहम लावा. पाय शक्य तितके आखूड ठेवा आणि तारेचे वेटोळे असलेले रेझिस्टर वापरू नका. ५० ओहमच्या केबलमध्ये ही जोडणी सुमारे ९.७ डीबी कमी करते आणि १५० मेगाहर्ट्‌झपर्यंत विश्वासाने चालते. ती अँटेना आणि रिसीव्हर यांच्या मध्ये लावा आणि कान द्या. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

हवा असलेला सिग्नल आधीपेक्षा स्वच्छ झाला, तर रिसीव्हर भारी सिग्नलखाली दबला होता. सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच उतरले, तर गोंगाट खरोखर अँटेनातून येतो आहे आणि रिसीव्हर निर्दोष आहे. सिग्नल गोंगाटात बुडाला, तर तो मुळातच अशक्त होता. फक्त याच तिसऱ्या प्रकारात चांगली अँटेना किंवा बूस्टर उपयोगी पडेल.

सेट ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रक्षेपणही करणारा असेल तर या काळात बोलायचे बटण दाबू नका. ५ वॅटपैकी निम्मी शक्ती पहिल्या १०० ओहममध्ये जाते आणि पाव वॅटचा रेझिस्टर तेवढ्याने करपतो.

*प्रश्न : माझ्याकडे हॅम (हौशी रेडिओ) परवाना आहे. शहराबाहेर रबरी अँटेनावर १४५ मेगाहर्ट्‌झला जी स्टेशने ऐकू येतात, ती घरच्या गच्चीवरच्या उंच अँटेनावर ऐकू येत नाहीत. गच्चीवरून एफएम प्रक्षेपणाचा मनोरा दिसतो. २० डीबीचा बूस्टर लावल्यावर आणखी बिघडले. केबल बदलू का? — जुळे सोलापूर*

केबल राहू द्या, आधी बूस्टर काढा. रिसीव्हरपुढे २० डीबी वाढ केली की हव्या सिग्नलबरोबर मनोऱ्याचा सिग्नलही शंभरपट होतो, आणि रिसीव्हरची भारी सिग्नल सोसण्याची मर्यादा तेवढ्याच २० डीबीने खाली येते. तुमच्या दुखण्यावर हे नेमके उलटे औषध झाले.

एफएमचे दोन सिग्नल रिसीव्हरमध्ये मिसळून १४५ वर भूत, म्हणजे हवेत नसलेला सिग्नल, तयार होते, असा समजही तुम्ही पत्रात मांडला आहे. हिशेब करून पाहा. ८८ ते १०८ या पट्ट्यातले तिसऱ्या क्रमाचे मिश्रण (एकाची दुप्पट वजा दुसरा) जास्तीत जास्त २ × १०८ − ८८, म्हणजे १२८ मेगाहर्ट्‌झपर्यंत पोचते. विमानांच्या पट्ट्यात ते त्रास देईल, १४५ पर्यंत जात नाही. दोन एफएम सिग्नलांची बेरीज १७६ च्या पुढे पडते. म्हणजे तुमच्याकडे भूत नाही, ब्लॉकिंग आहे. एकाच चिपवर बांधलेल्या स्वस्त हँडहेल्डमध्ये अँटेनालगतचा फिल्टर फारच सैल असतो. पहिला अॅम्प्लिफायर एफएमने भरून जातो आणि त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, पडतो. खूण अशी, की कुठलाही विचित्र आवाज येत नाही, फक्त अशक्त स्टेशने नाहीशी होतात.

हे आकड्यांत मोजता येते. टी-कनेक्टरच्या एका बाजूला रिसीव्हर, दुसऱ्या बाजूला अँटेना आणि तिसऱ्या टोकाला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सिग्नल जनरेटर जोडा. या जोडणीत जनरेटरचा सिग्नल सुमारे २७ डीबी कमी होऊन लाइनवर येतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा आणि इअरफोनच्या जॅकवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. सिग्नल नसताना सळसळ ३०० मिलिव्होल्ट असेल, तर मॉड्युलेशन नसलेला कॅरियर ३० मिलिव्होल्ट होईपर्यंत वाढवा. ही २० डीबी क्वायटिंगची पातळी. ती आधी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड ठेवून आणि मग खऱ्या अँटेनावर घ्या. डमीवर उणे १२० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) लागले आणि अँटेनावर उणे १०४ लागले, तर गच्चीवर तुमचा रिसीव्हर १६ डीबीने बहिरा आहे. आता टी आणि रिसीव्हर यांच्या मध्ये फिल्टर घाला. आकडा उणे ११६ वर आला आणि फिल्टर स्वतः दीड डीबी खातो, तर दबावाचा बहुतेक भाग गेला. उरलेला अडीच डीबी १४५ वरचाच खरा गोंगाट आहे. तो कुठल्याही फिल्टरने जाणार नाही.

फिल्टर विकत घेण्याआधी स्टब, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी दाबणारा केबलचा तुकडा, करून पाहा. आरजी-५८ केबलचा ५०.५ सेंटिमीटरचा तुकडा टीवर लावा आणि त्याचे दुसरे टोक उघडे ठेवा. ही ९८ मेगाहर्ट्‌झची पाव तरंगलांबी आहे. केबलमधला वेग ०.६६ पट धरून हिशेब केला आहे. ९८ जवळ तो २० डीबीहून जास्त दाबतो, ८८ आणि १०८ या टोकांना सुमारे १० डीबी, आणि १४५ वर तुमचे जेमतेम १ डीबी नुकसान होते. कापताना आधी ५३ सेंटिमीटर ठेवा आणि अर्धा अर्धा सेंटिमीटर छाटत या. स्टबने फरक जाणवला पण पुरेसा नसेल, तरच १४४ ते १४६ चा बँडपास फिल्टर घ्या.

*प्रश्न : संगणकाला लावायच्या स्वस्त आरटीएल-एसडीआर रिसीव्हरवर एकच एफएम स्टेशन पाच-सहा ठिकाणी दिसते. सॉफ्टवेअर बदलावे का? — विजापूर रोड*

सॉफ्टवेअरचा दोष नाही. यातला डिजिटायझर ८ बिटचा आहे, त्याला एकाच वेळी सुमारे ५० डीबीच्या पलीकडची उंच-सखल झेपत नाही. ऑटो गेन बंद करा. हाताने गेन १० डीबी उतरवा. खरे स्टेशन १० डीबी उतरेल, आत तयार झालेली भुते २० ते ३० डीबी कोसळतील. भुते गेली तो गेन कायम ठेवा.

*प्रश्न : आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहोत. शॉर्टवेव्ह रिसीव्हरची टू-टोन चाचणी (दोन सिग्नल एकदम देऊन रिसीव्हरमध्ये होणारे मिश्रण मोजणे) करायची आहे, पण कॉलेजमध्ये चांगल्या प्रतीचे दोन सिग्नल जनरेटर नाहीत. घरी बांधता येईल का? — सोलापूर*

येईल, आणि या एका चाचणीत बरेच कळते. महागड्या जनरेटरपेक्षा इथे क्रिस्टल ऑसिलेटर उजवा पडतो, कारण त्याचा फेज नॉइज (सिग्नलच्या आजूबाजूला पसरणारी सळसळ) फार कमी असतो.

जुन्या संगणकांच्या बोर्डांवर १४.३१८१८ आणि १४.७४५६ मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल सहज मिळतात. दोन वेगळे ऑसिलेटर बांधा, प्रत्येकाला बफर द्या, प्रत्येक स्वतंत्र पत्र्याच्या डबीत आणि स्वतंत्र ९ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा. एकाच सप्लायवर ठेवलेत तर ते तारेतूनच एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही रिसीव्हर सोडून सप्लाय मोजत बसाल.

प्रत्येक डबीतून बाहेर पडताना लो-पास फिल्टर हवाच. ऑसिलेटरमधून दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) बाहेर पडला, तर तो रिसीव्हरमध्ये दुसऱ्या सिग्नलशी साध्या वजाबाकीने मिसळतो आणि बरोबर त्याच ठिकाणी येतो जिथे तुम्ही तिसऱ्या क्रमाचे उत्पादन (मिश्रणातून तयार झालेला सिग्नल) शोधता आहात. १७ मेगाहर्ट्‌झला कापणारा पाच घटकांचा फिल्टर असा : जमिनीला १२० पिकोफॅरड, मालिकेत ०.७६ मायक्रोहेन्री, जमिनीला ३७७ पिकोफॅरड (३३० आणि ४७ समांतर), पुन्हा ०.७६ मायक्रोहेन्री, शेवटी १२० पिकोफॅरड. कॉइलसाठी टी३७-६ या पिवळ्या कड्यावर १६ वेढे. हा फिल्टर २८.६ मेगाहर्ट्‌झला सुमारे २२ डीबी दाबतो. फिल्टरनंतर ५० ओहमवर १.४ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे अधिक ७ डीबीएम मिळाले पाहिजे; ५० मेगाहर्ट्‌झ किंवा जास्त बँडविड्थच्या ऑसिलोस्कोपवर हे दिसते. पुढे ६ डीबीचा पॅड, म्हणजे सुरुवातीला दिला तशाच जातीचा अॅटेन्युएटर लावा, बाजूंना १५० आणि मध्ये ३९ ओहम.

दोन्ही सिग्नल एकत्र आणताना बहुतेकांचे चुकते. तीन रेझिस्टरच्या चांदणीने जोडलेत तर दोन ऑसिलेटरांमध्ये फक्त ६ डीबीचा आडोसा राहतो. मग एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरतो आणि इंटरमॉड्युलेशन, म्हणजे हे मिश्रण, रिसीव्हरच्या बाहेरच तयार होते. त्याऐवजी ब्रिज बांधा. चौकोनाच्या तीन भुजांवर ५१ ओहम, चौथ्या भुजेच्या जागी आउटपुट. एका कर्णावर पहिला ऑसिलेटर. दुसऱ्या कर्णावर दुसरा, पण तो एफटी३७-४३ कड्यावरच्या दहा जोडवेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून. नुकसान ६ डीबीच, पण आडोसा ३० डीबीच्या वर. अट एवढीच, की आउटपुटला खरोखर ५० ओहम दिसले पाहिजेत. रिसीव्हरचा इनपुट क्वचितच ५० असतो, म्हणून ब्रिजनंतर सुरुवातीला दिलेला दहाचा पॅड कायमचा बसवा. एवढे झाल्यावर प्रत्येक टोन सुमारे उणे १५ डीबीएम उरतो. त्यापुढे १० आणि १ डीबीच्या पायऱ्यांचा अॅटेन्युएटर आणि मग रिसीव्हर.

आता ऐकायचे कुठे? २ × १४.३१८१८ − १४.७४५६ म्हणजे १३.८९०८ मेगाहर्ट्‌झ, आणि दुसऱ्या बाजूला १५.१७३० मेगाहर्ट्‌झ. दुसरी जागा १९ मीटरच्या प्रक्षेपण पट्ट्यात आहे. अँटेना काढलेली असली तरी केबलच्या सैल जाळीतून एखादे स्टेशन आत येते, म्हणून आधी १३.८९ वर काम करा. कुठलाही एक ऑसिलेटर बंद केल्यावर आवाज गेला पाहिजे. गेला नाही तर ते उत्पादन नव्हे. एकाच टोनने सळसळ वाढत असेल तर रिसीव्हरच्या स्वतःच्या ऑसिलेटरचा फेज नॉइज तुम्हाला दिसतो आहे. तोही नोंदवा, पण वेगळ्या रकान्यात.

रिसीव्हर एसएसबीवर, फिल्टर २.४ किलोहर्ट्‌झ, एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद. स्पीकरवर मल्टिमीटर लावा. सिग्नलशिवाय १०० मिलिव्होल्ट असतील, तर उत्पादनाने वाचन १४१ होईपर्यंत टोन वाढवा. वाचन ३ डीबी वाढले म्हणजे उत्पादन आणि गोंगाट समसमान झाले. त्या वेळी प्रत्येक टोन किती होता ते अॅटेन्युएटरवरून लिहून ठेवा. मग एकच ऑसिलेटर चालू ठेवून, रिसीव्हर त्याच्यावर लावून, तोच १४१ चा आकडा यायला किती कमी सिग्नल पुरतो ते मोजा.

समजा पहिल्या वेळी उणे ४० आणि दुसऱ्या वेळी उणे १३० डीबीएम आले. दोन्हींतले अंतर, म्हणजे तिसऱ्या क्रमाची डायनॅमिक रेंज, ९० डीबी. इंटरसेप्ट पॉइंट (जिथे उत्पादन टोनइतकेच मोठे होईल ती काल्पनिक पातळी) = उणे ४० अधिक ९० चा निम्मा, म्हणजे अधिक ५ डीबीएम. उणे १३० हा आकडा पटण्याजोगा आहे का, हेही तपासता येते. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्‌झला उणे १७४ डीबीएम उष्णतेचा गोंगाट असतो. त्यात २.४ किलोहर्ट्‌झसाठी ३४ डीबी मिळवा आणि रिसीव्हरचा नॉइज फिगर (त्याने स्वतः वाढवलेला गोंगाट) १० डीबी धरा; बेरीज उणे १३० येते. तुमचे मोजमाप उणे १४५ आले तर आनंद नको, सिग्नल अॅटेन्युएटरला वळसा घालून रिसीव्हरमध्ये झिरपतो आहे. उणे १५ वरून उणे १३० वर यायला ११५ डीबी लागतात. एवढे एका डबीत कोंबू नका. चार कडांना सोल्डर केलेल्या दोन-तीन डब्यांत ते वाटा.

शेवटची तपासणी विसरू नका. मोजमाप झाल्यावर टोन १० डीबी वाढवा; उत्पादन ३० डीबी वाढले पाहिजे. १० डीबीच वाढले तर ते बाहेर, बहुधा ब्रिजच्या आधीच तयार होते आहे. आणि रिसीव्हर थेट डिजिटायझ करणाऱ्या जातीचा असेल तर हा तिपटीचा नियम तो पाळत नाही. त्याला इंटरसेप्ट पॉइंट चिकटवू नका, प्रत्येक पातळीवरचे मोजमाप तक्त्यात द्या. तुमच्या क्रिस्टलांमध्ये ४२७ किलोहर्ट्‌झचे अंतर आहे. छापील चाचण्या बहुधा २० किंवा २ किलोहर्ट्‌झ अंतरावरच्या असतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा चांगला दिसणारच. अहवालात अंतर लिहा.

*प्रश्न : घरामागे टॉवेलचे माग आहेत. सकाळी माग सुरू झाले की ७ मेगाहर्ट्‌झवर सिग्नलचा मीटर एस-८ ला चिकटतो. रिसीव्हरला सोसत नाही का? — अक्कलकोट रोड*

पॅड लावल्यावर मीटर एस-८ वरून साधारण एस-६ च्या जवळ येतो आणि स्टेशन तेवढेच बुडालेले राहते, असे तुम्हीच पत्रात पुढे लिहिले आहे. मग उत्तर तिथेच आहे : गोंगाट खरा आहे, रिसीव्हर बरोबर आहे. वीज गेल्यावर बॅटरीवरच्या रिसीव्हरने ऐका. तेव्हा शांत झाले तर खिशातला मिडियमवेव्ह रेडिओ स्टेशनांमधल्या मोकळ्या जागेवर लावून मागाच्या खोलीभोवती फिरा. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि एलईडी दिव्यांचे सप्लाय हे पहिले संशयित. ड्राइव्ह सापडला तर मोटरची केबल जाळीची हवी आणि जाळी दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेली हवी. फक्त एका टोकाला जोडलेली जाळी या फ्रिक्वेन्सीला फारशी उपयोगी नाही. मालकाशी गोडीने बोला, त्यांच्या ड्राइव्हच्या खोक्यात इनपुट फिल्टर बसवायला जागा बहुधा असते. तुमच्या बाजूने अँटेनाची केबल घरात शिरते तिथे ४३ किंवा ३१ मटेरियलच्या मोठ्या फेराइट कड्यातून तिचे दहा-बारा वेढे काढा.

*प्रश्न : डाळिंबाच्या बागेत ओलाव्याचे १२ लोरा (कमी शक्तीच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओचे) सेन्सर आहेत. त्यांचे सिग्नल घेणारा गेटवे १० मीटरच्या खांबावर आहे. शेजारी मोबाइल टॉवर उभा राहिल्यापासून लांबचे पाच सेन्सर गायब होतात. खांब आणखी उंच करू का? — सांगोला*

नको, उलट खाली आणा. आपल्याकडे लोराला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना आहे, आणि ८५० च्या मोबाइल पट्ट्यात टॉवर ८६९ पासून वर प्रक्षेपण करतो. कुंपणाला लागून शेजारी आहेत दोघे. २० वॅटचा ट्रान्समीटर आणि १५ डीबी गेनची अँटेना धरली, तर १०० मीटरवर थेट झोतात तुमच्या साध्या अँटेनावर उणे १३ डीबीएम पडतात. तुमचा लांबचा सेन्सर उणे १२० च्या आसपास येतो. शंभर डीबीहून जास्त फरक, आणि मध्ये अंतर फक्त १ ते ४ मेगाहर्ट्‌झ.

एका लांबच्या सेन्सरकडून १०० पॅकेट पाठवा आणि किती पोचली ते मोजा. मग गेटवेच्या अँटेनात पॅड लावून पुन्हा १००. या फ्रिक्वेन्सीला घरगुती पॅड भरवशाचा नाही, एसएमए कनेक्टरचा तयार १० डीबीचा घ्या. पॅकेट वाढली तर दबाव; कॅव्हिटी फिल्टर लावा. आकडा तसाच राहिला तर टॉवरच्या प्रक्षेपणाची झालर तुमच्याच पट्ट्यात सांडते आहे आणि फिल्टरवर पैसे जातील. तिथे अँटेना पंपघराच्या किंवा टाकीच्या आडोशाला, टॉवर दिसणार नाही पण बाग दिसेल अशी बसवणे हाच उपाय. दोन्ही प्रकारांत चॅनेल खालचे ठेवा : ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. वरच्या ८६७ च्या पुढच्या चॅनेलवर सेन्सर असतील तर ते आधी उतरवा, याला काहीच खर्च नाही. आणि गेटवेचा डबा उन्हात असेल तर त्यावर पांढरे छप्पर घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डब्यात काय तापते ते सांगायला नको, आणि बंद पडणारा गेटवे चाचणीत बहिऱ्यासारखाच दिसतो.

*प्रश्न : ध्वनिक्षेपणाचा व्यवसाय आहे. गड्डा यात्रेच्या काळात भजनाचे कार्यक्रम असतात. दोन कॉर्डलेस माइक छान चालतात, तिसरा चालू केला की शिट्टी. नवा सेट घ्यावा का? — होटगी रोड*

तुमचे माइक ६५०.०, ६५०.४ आणि ६५०.८ वर आहेत, हे तुम्ही लिहिलेत ते बरे केले. २ × ६५०.४ − ६५०.० = ६५०.८. पहिल्या दोघांचे मिश्रण नेमके तिसऱ्याच्या जागेवर पडते. तिसरा ६५१.२ वर न्या. चौथा लागला तर ६५२.६. नियम सोपा आहे : कोणत्याही दोन माइकांमधले अंतर दुसऱ्या कुठल्याही जोडीच्या अंतराइतके नसावे. या चारांत अंतरे ०.४, ०.८, १.२, १.४, २.२ आणि २.६ येतात, सगळी वेगळी. सेटवर नेमकी ती फ्रिक्वेन्सी नसेल तर जवळची घ्या आणि सहाही अंतरे कागदावर पुन्हा मांडा.

रिसीव्हर व्यासपीठाला चिकटून ठेवू नका. गायकाच्या हातातला माइक रिसीव्हरच्या अँटेनापासून निदान ३ मीटर हवा, नाहीतर वरचे गणित बरोबर असूनही रिसीव्हर दबतो. न वापरलेले माइक चालू ठेवून एकाच टोपलीत टाकू नका. दोन माइक एकमेकांना टेकले की मिश्रण त्यांच्याच ट्रान्झिस्टरमध्ये होते आणि ते रिसीव्हरच्या हातात उरत नाही. तपासायला एकेक माइक बंद करत जा. दोनपैकी कुठलाही एक बंद केल्यावर शिट्टी थांबली, तर ती दोघांची आहे.